बाबांची विंडोज, माझं लिनक्स

परवा खोपोलीहून भाची आली होती. इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष. "मामा, लॅपटॉपवर काय टाकू? विंडोज की लिनक्स?" मी माझं नेहमीचं भाषण सुरू करणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "आधी माझ्या फाइलची गोष्ट सांग तिला."

तर गोष्ट २००६ची. मी तेव्हा कर्जतहून रोज सीएसटी गाठायचो. ऑफिसातले सगळे सर्व्हर लिनक्सवर आणि घरी एक्सपी. दिवसभर बोटांत बसलेल्या कमांड घरी चालायच्याच नाहीत. उबुंटूवाले तेव्हा फुकट सीडी घरपोच पाठवायचे (२०११मध्ये ते बंद झालं). डायल-अपवर सातशे एमबी उतरवायचं मनातही येत नसे, त्यामुळे पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा कोण आनंद! रविवारी लाइट यायची वाट बघत बसलो. (मुंबईला १९१५पासून खोपोलीची वीज, आणि लोडशेडिंग आमच्या वाट्याला. असो.) लाइट आल्याबरोबर अख्खी हार्ड डिस्क पुसून उबुंटू टाकलं. बाबांच्या फाइल्स आधी सीडीवर काढून ठेवल्या होत्या हो, अगदीच अडाणी नव्हतो.

बाबा निवृत्त शिक्षक. खालापूर तालुक्याबद्दल लिहीत होते, उंबरखिंडीच्या १६६१च्या लढाईपासून. दीडशेक पानं झाली होती. उघडली तर नुसती गिचमीड! ते लिखाण युनिकोडमध्ये नव्हतंच. जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीची चित्रं बसवलेली असायची. फाँट गेला की मराठी गेलं. मी फाइल्स जपल्या, पण फाँट पुसून टाकला. बाबा चिडले नाहीत. "वाचता येत नाही रे," एवढंच म्हणाले. ते जास्त लागलं.

खोपोलीतल्या एका टायपिंगवाल्याकडे तो फाँट मिळाला. अक्षरं दिसायला लागली, पण बाबांच्या सवयीचा कीबोर्ड देणारा प्रोग्राम फक्त विंडोजवरच चालायचा. शेवटी त्यांना परत एक्सपी आणि मला एक सेकंडहँड डबा.

भाचीला म्हटलं, बाई, कॉलेजात काय चालतं ते आधी बघ. माझे मॅकवाले मित्र तरी काय, आतलं युनिक्स आणि दिवसभर टिकणारी बॅटरी बघूनच गेले. विंडोजमध्येही २०१६पासून लिनक्स चालवता येतं. भांडणात आता पूर्वीची मजा राहिली नाही.

बाबांचं मात्र परत अडलंय. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि त्यांच्या मशीनवर ११ चढत नाही. म्हणजे पुन्हा लिनक्स. या वेळी पुसायच्या आधी सगळं युनिकोडमध्ये करून घेतोय. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, त्यामुळे कन्व्हर्टर मधूनच घोटाळे करतो. प्रिंट काढून दिलीय. बाबा लाल पेन घेऊन बसलेत, अडतिसाव्या पानावर आहेत. भाची शेजारी बसून त्यांच्या खुणा मशीनवर उतरवतेय.