जाडं तेल, पातळ तेल

आम्ही चार उर्दू शिक्षकांनी पतसंस्थेचं कर्ज काढून वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. शाळा २२ किलोमीटर लांब, एसटीचा भरवसा नाही. इंजिन बसलं तर हप्ते मात्र चालूच राहणार.

तेल बदलायच्या वेळी गॅरेजवाले चाचा म्हणाले, "सर, बीस-पचास डालो. जाडा तेल, इंजिन चुप चलता." गाडीच्या पुस्तिकेत मात्र '५डब्ल्यू-३०' होतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा लहान, तर थंड इंजिनात तेल लवकर पोचतं; पुढचा ३० हा १०० अंशांवरचा दाटपणा. आमच्याकडे बर्फ कुठला! पण बरीच झीज होते ती सकाळी गाडी सुरू करताना. जाड्या तेलानं आवाज दबतो, हे चाचांचं खरं; पेट्रोलही जास्त जातं. डब्यावर 'एपीआय'पुढे 'एस' असेल तर पेट्रोलसाठी, 'सी' डिझेलसाठी.

एवढं कळायला बी.एड. लागत नाही, इंग्रजी लागतं. चाचा उर्दू वाचतात. आम्ही ते पान उर्दूत उतरवून दिलं. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं.

"ठीक है, यहीच डालते. लेकिन सर, जो इंजिन तेल पीता, उसका क्या लिखा है?"

पुस्तिकेत ते नव्हतं. चाचांनी चहा मागवला.