घाट चढण्याआधी

कोनहून एक्सप्रेसवेला लागलं की पुढे लोड भरलेला ट्रक हमखास असतोच. आपण मनातल्या मनात शिव्या घालतो, खरं ना? पण बोरघाटात त्याचे हाल बघा. खालचा गिअर, इंजिन जीव तोडून ओढतंय आणि वेग नाही म्हणून समोरचा वाराही नाही. सगळी भिस्त पंखा, रेडिएटर आणि कूलंटवर.

"पाणी कमी झालं? ओता बोअरचं!" इथेच घोळ होतो. क्षारांचा थर नळ्यांत बसतो. शिवाय मोठ्या डिझेल इंजिनात लायनर सतत थरथरतो, त्याच्या पाण्याकडच्या बाजूला बुडबुडे फुटत राहतात आणि लोखंडाला बारीक खड्डे पडतात. कूलंटमधली रसायनं हे रोखतात, नुसतं पाणी नाही. खड्डा आरपार गेला की पाणी सिलिंडरमध्ये, आणि इंजिन खोलायची वेळ!

झाकणाचंही तेच. ते 1 बार जादा दाब धरतं, म्हणून 100 अंशांना उकळणारं पाणी साधारण 120 पर्यंत टिकतं. गरम इंजिनाचं झाकण उघडलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर. रबर फाटलेलं झाकण बदलायला कितीसा खर्च येतो? पण तो मालकाने वाचवायचा आणि रात्र घाटात काढायची ड्रायव्हरने!

असो. हॉर्न जरा कमी वाजवूया.