आलवण

मोठ्या भावाच्या मागे जबलपूरच्या घराची आवराआवर माझ्याकडे आली, तेव्हा माडीवरची शिसवी पेटी प्रथमच तळापर्यंत पाहिली. वर आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या, खारव्याच्या पुठ्ठ्यांच्या. आमच्याकडचे व्यापारी त्या जाड्याभरड्या तांबड्या कापडाला खारुआ म्हणत. वह्यांच्या खाली, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेले एक आलवण होते. पाल्याचा चुरा झाला होता. आलवण मात्र विटले नव्हते.

ते आत्याआजीचे. आजोबांची ही थोरली बहीण बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली आणि पुढची साठएक वर्षे राइट टाउनमधल्या आमच्या घरात राहिली. आजी तिला ‘वन्सं’ म्हणे, आई ‘आत्याबाई’. तिच्या दांडीवर नेहमी दोन आलवणे वाळत असत. बाजारातून आणलेले नवे आलवण पहिल्या धुण्याला बादलीभर लाल पाणी सोडी, म्हणून तिचे धुणे वेगळे. हे तिसरे मात्र तिने कधी रोज वापरले नाही. ते तिच्या सासरच्या कुणा म्हातारीकडून आले होते. “हे आलीचं आहे,” ती म्हणायची. “सूत विरेल, पण रंग जायचा नाही.”

आल म्हणजे काय, हे त्या वयात मला ठाऊक नव्हते, आणि विचारावेसेही वाटले नाही. पुढे कळले, की ज्या झाडाला मराठीत बारतोंडी म्हणतात आणि ज्याच्या फळांचा रस हल्ली ‘नोनी’ या नावाने बाटल्यांतून विकला जातो, तेच हे. फळ फिकट, खडबडीत, पिकल्यावर वासाने नकोसे होणारे. पण आमच्या मुलखात त्याला किंमत होती ती मुळांसाठी. बुंदेलखंडात आणि सागर-दमोहच्या काळ्या जमिनीत आल शेतात पेरीत. तीन-चार वर्षे थांबायचे आणि मग खोल खणून झाडे मुळांसकट उपटायची. रंग असतो तो मुळांच्या सालीत. म्हणून बारीक मुळे सर्वांत महाग, मध्यम जरा स्वस्त, आणि जाडजूड मुळांत लाकूडच फार, त्यामुळे ती जवळजवळ टाकाऊ. झाड अधिक जुने झाले, तर सगळा खटाटोप वाया. मऊ रानीपूरचा खारुआ याच रंगावर नावारूपाला आला.

रंगवण्याचे कामही सावकाशीचे. सुताला हा रंग आपणहून धरवत नाही. आधी कापड तेल, खार आणि शेण यांच्या पाण्यात भिजवायचे, उन्हात वाळवायचे, पुन्हा भिजवायचे; असे दिवसचे दिवस. मग हिरड्याचे पाणी, मग तुरटी, आणि शेवटी कुटलेल्या मुळांबरोबर तांब्याच्या हंड्यात मंद आच. तुरटी रंग आणि सूत यांच्यात मध्यस्थी करते. तिच्या जागी लोखंड आले, तर तेच मूळ काळपट जांभळा रंग देते. रंगारी लाल की काळे हे ठरवी ते मुळावरून नव्हे, आधी काय लावले त्यावरून.

मुळांतून लाल काढण्याची ही विद्या किती जुनी, ते मोहेंजोदडोच्या चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सांगतो. त्यावर मंजिष्ठेच्या जातीचा रंग आढळला. मंजिष्ठा ही डोंगरातली वेल, आलीची दूरची नातलग. आपल्या साहित्यशास्त्राने तर तिला प्रेमाच्या प्रतींत सर्वांत वरचे स्थान दिले. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त पूर्वरागाचे तीन प्रकार सांगितले आहेत: नीलीराग फारसा शोभत नाही, पण जात नाही, कुसुंभराग शोभतो, पण जातो, मंजिष्ठाराग शोभतोही आणि जातही नाही. महाविद्यालयात हे वर्गीकरण पाठ करताना मला त्यात केवळ अलंकार दिसला होता. ते लिहिणाऱ्याने रंगाऱ्याचे दुकान नीट पाहिले असले पाहिजे, हे आता जाणवते.

न जाणारा हा रंग विधवेच्या वाट्याला का आला, याचे उत्तर मला कोणत्याही ग्रंथात मिळाले नाही. कपाळावरचे लाल पुसायचे आणि अंगभर लाल नेसवायचे, यातली विसंगती घरात कुणालाच खटकत नव्हती. आलवण या शब्दात माझ्या कानाला आज ‘आल’ ऐकू येते. व्युत्पत्तीवाल्यांनी काय म्हणायचे ते म्हणावे.

आत्याआजीच्या हाताला आणखी एक मूळ ठाऊक होते, रतनजोत. दर महिन्याला ती पंसाऱ्याकडून ती जांभळट साल मागवी आणि पुरचुंडीत बांधून तिळाच्या कोमट तेलात सोडी. हा रंग पाण्यात उतरत नाही, तेलातच उतरतो. बघता बघता तेल माणकासारखे होई. आई, काकू, बहिणी, सगळ्यांच्या डोक्याला ती ते स्वतः चोळून देई. तिच्या डोक्यावर मात्र दर पंधरवड्याला, मागल्या अंगणात, न्हाव्याचा वस्तरा फिरे. या दोन गोष्टी मी शेकडो वेळा पाहिल्या आणि एकदाही शेजारी ठेवल्या नाहीत.

१९६४ साली अकरावीच्या परीक्षेच्या पहिल्या सकाळी मी निघालो, तेव्हा आई हळूच म्हणाली, “आत्याबाई, तेवढं जरा मागं थांबता?” सांगायची गरजच नव्हती, ती आधीच मागच्या खोलीत गेली होती. मी देवाला नमस्कार केला, सर्वांच्या पाया पडलो. दार अर्धे उघडे होते आणि फटीतून तांबडा काठ दिसत होता. चार पावले आत जाऊन वाकायला मला काही अडचण नव्हती. मी सायकल काढली. संध्याकाळी पेपर कसा गेला ते सर्वांत आधी तिनेच विचारले, आणि मी ‘बरा’ एवढेच म्हणालो. तीन वर्षांनी ती गेली. आम्ही तिला ग्वारीघाटावर नेले तेव्हाही तिच्या अंगावर बाजारचेच आलवण होते.

१८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी डांबरातल्या अँथ्रासीनपासून अॅलिझरिन बनवले. युरोपातली मंजिष्ठेची शेती त्यापुढे काही वर्षांतच बसली, आणि आमच्याकडची आलही हळूहळू शेतांतून गेली. आत्याआजीचा जन्म त्यानंतर वीस-एक वर्षांचा. म्हणजे हे आलवण खरोखर आलीचे असेल, तर ते तिच्या वेळीच जुने, कुणा आणखी आधीच्या विधवेच्या अंगावरून आलेले. कोरापूटच्या कोटपाडला आणि बस्तरमध्ये विणकर अजून आलीच्या मुळांत सूत रंगवतात. तिकडचा एक पंचा मी आलवणाशेजारी ठेवून पाहिला. दोन्ही तांबड्यांत मातीची तीच छटा होती. पण डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

वस्त्रांचे जतन करणाऱ्या एका परिचितांनी सांगितले, की प्रयोगशाळेत याचा निकाल सहज लागेल: आलीच्या रंगातले मुख्य द्रव्य मोरिंडोन, कारखान्याच्या रंगातले अॅलिझरिन. काठाजवळचे चार धागे कापून पाठवा, तेवढे पुरतील. मी कात्री घेऊन बसलोही. मग कडुनिंबाचा ताजा पाला आणला, आलवण जुन्याच घडीवर दुमडले आणि वह्यांच्या खाली ठेवून दिले.