दुसऱ्या छपराखालची वही

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी आजही नव्या वहीचे पूजन होते. पाटावर लाल कापडी बांधणीची वही असते, तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक रेखले जाते आणि पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटे उमटतात. गेली काही वर्षे चिरंजीव त्या वहीशेजारी लॅपटॉपही आणून ठेवतो. पूजा दोघांची होते. परंतु वर्षभर लिहिले जाते ते लॅपटॉपवर, आणि वही कपाटात कोरीच राहते. गेल्या दिवाळीत हे दृश्य पाहताना माझ्या मनात आले की, वहीबरोबर वही जपण्याची आमच्या घरची शिस्तही कपाटात गेली असावी. त्या शिस्तीची आठवण मला फार उशिरा झाली. त्या उशिराची जी किंमत मोजावी लागली, तिच्याविषयी हा लेख आहे.

बार्शीच्या बाजारात आमची धान्याची आडत आजोबांपासूनची. आजोबांच्या दोन सवयी मी लहानपणी पाहिल्या. रोजची शिल्लक जुळल्याशिवाय ते दुकानाची फळी लावीत नसत, ही पहिली. दुसरी सवय अशी की, दर अमावास्येला खतावणीतील सर्व बाक्यांची नक्कल ते स्वतःच्या हाताने उतरवीत आणि ती वैरागला आपल्या धाकट्या बहिणीच्या घरी पाठवीत. शेजारच्या एका गोदामाला आग लागून त्या घरच्या सर्व वह्या जळाल्याचे त्यांनी तरुणपणी पाहिले होते. उधारी कागदावर होती. कागद गेला तेव्हा ती घेणाऱ्यांच्या सचोटीवर उरली. "नक्कल एकाच कपाटात ठेवली तर ती नक्कल नव्हे, दुसऱ्या छपराखाली हवी," असे ते म्हणत. मुनीमजी पाठीमागे हसत, परंतु दर महिन्याला आत्याआजींकडे पुडके जाई.

आमच्या घरच्या संगणकावर आज काय काय आहे याचा हिशेब एकदा मांडला, तेव्हा मीच चकित झालो. दुकानाच्या टॅलीची प्रत, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, घराचे दस्त, वडिलांची स्कॅन केलेली पत्रे, चार पिढ्यांची वंशावळ, लग्नकार्यांची चाळीस हजारांवर छायाचित्रे. आणि 'आई' या नावाचा एक फोल्डर. आईच्या अखेरच्या दोन वर्षांत सूनबाईने तिच्याशी गप्पा मारून तिचा आवाज ध्वनिमुद्रित केला होता. एकंदर अकरा फिती होत्या: सोळाव्या वर्षी या घरात आली तेव्हाची आठवण, दुष्काळातली दुकानदारी, मेतकुटाचे प्रमाण, आजोबांचा रागीट स्वभाव.

या सर्वांची काळजी मी घेत होतो, निदान माझा तसा समज होता. भाच्याने एक बाह्य ड्राइव्ह आणून दिला होता आणि संगणकातील फोल्डर त्यात आपोआप उतरवणारा एक कार्यक्रम बसवून दिला होता. रोज रात्री नऊ वाजता तो चाले आणि पडद्यावर हिरवी खूण येई. त्या हिरव्या खुणेवर मी तीन वर्षे निर्धास्त झोपलो.

मग एका दिवाळीच्या साफसफाईत संगणकावरील जागा कमी पडते म्हणून मी काही जुने फोल्डर पुसले. त्यांत 'आई'ही होता. ड्राइव्हवर प्रत आहेच, असा माझा विचार. कचरापेटीही रिकामी केली. त्या रात्री नऊ वाजता कार्यक्रम चालला, त्याने पाहिले की मूळ ठिकाणी तो फोल्डर राहिलेला नाही, आणि दोन्ही बाजू सारख्या करण्यासाठी ड्राइव्हवरचाही पुसून टाकला. हिरवी खूण आली. हा प्रकार माझ्या लक्षात आला तो पाच महिन्यांनी, आईच्या वर्षश्राद्धाला तिचा आवाज सर्वांना ऐकवावा म्हणून मी संगणक उघडला तेव्हा. तोपर्यंत त्या जागेवर नवी छायाचित्रे लिहिली गेली होती. पुण्याच्या एका जाणकाराने प्रयत्न केला, पण हाती काही आले नाही.

कार्यक्रमाचा यात दोष नव्हता. तो आरशाचे काम करण्यासाठीच बनवला होता. आरशासमोरून माणूस उठला की आरशातूनही तो जातो. मी आरशाला नक्कल समजलो, ही चूक सर्वस्वी माझी. संगणकाच्या भाषेत एकाला 'सिंक' म्हणतात आणि दुसऱ्याला 'बॅकअप'. सिंक आजची स्थिती दोन ठिकाणी ठेवते. बॅकअप कालची, परवाची आणि गेल्या महिन्याचीही स्थिती राखतो. आजोबांच्या नकलेवर अमावास्येची तारीख असे आणि जुनी नक्कल नव्या नकलेने पुसली जात नसे, याचा अर्थ मला तेव्हा कळला.

त्यानंतर योग्य सॉफ्टवेअर निवडायला मी दोन महिने घेतले. प्रथम दुकानातील पद्धतीप्रमाणे वहीच्या एका पानावर गरजा लिहून काढल्या, कारण गरज न लिहिता बाजारात गेलेला माणूस विक्रेत्याची गरज घेऊन परततो. माझ्या पानावर पाच ओळी होत्या. जुन्या आवृत्त्या राहाव्यात. ड्राइव्ह नेहमी जोडलेला नसावा. संगणकच बिघडला तर तो पूर्ववत उभा करता यावा. ते सॉफ्टवेअर उद्या बंद पडले तरी निदान कागदपत्रे वाचता यावीत. आणि मी नसताना सूनबाईला हे सर्व जमावे.

दुसऱ्या ओळीचे कारण सांगितले पाहिजे. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर कार्यक्रमाने जगभरातील संगणकांतील फाइली कुलूपबंद करून पैसे मागितले, हे अनेकांना आठवत असेल. असा कार्यक्रम संगणकात शिरला तर त्या क्षणी जोडलेला बाह्य ड्राइव्हही तो सोडत नाही. चोवीस तास जोडून ठेवलेली नक्कल म्हणजे तिजोरीच्या दारालाच लटकवलेली किल्ली होय.

पाहता पाहता लक्षात आले की बॅकअपचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. एक फाइलींचा: ठरवलेल्या फोल्डरांतील फाइली जशाच्या तशा उतरतात. विंडोजमध्ये 2012 पासून असलेली 'फाइल हिस्टरी' ही सोय या प्रकारची. तिचा गुण असा की, प्रत्येक प्रत साधी फाइल म्हणून राहते, नावापुढे तारीख-वेळ लागते, आणि ड्राइव्ह दुसऱ्या कोणत्याही संगणकाला लावून ती वाचता येते. मर्यादा अशी की, ती मुख्यतः डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप यांसारखे नेहमीचे फोल्डर पाहते. टॅलीचा विदा बहुधा या फोल्डरांच्या बाहेर असतो, म्हणून तो आपोआप येईल असे धरून चालू नये.

दुसरा प्रकार संपूर्ण प्रतिमेचा. यात विंडोज, बसवलेले सर्व कार्यक्रम आणि फाइली यांसह सगळी डिस्क एका बंद गठ्ठ्यात उतरते. डिस्क निकामी झाली तर नवी बसवून, पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून सर्व काही पूर्ववत करता येते. पहिली प्रत पूर्ण असते आणि पुढे केवळ बदललेला भाग लिहिला जातो, म्हणून वेळ व जागा वाचते. परंतु गठ्ठा सोडवायला तेच सॉफ्टवेअर लागते. या वर्गातील 'मॅक्रियम रिफ्लेक्ट'ची मोफत आवृत्ती अनेकांनी सुचवली. पण ती कंपनीने बंद केली असून तिचा सुरक्षा-आधारही जानेवारी 2024 मध्ये संपला. मोफत मालाला ही जोखीम असतेच. शेवटी मी 'वीम एजंट'ची मोफत आवृत्ती घेतली. तिच्या दोन गोष्टी मला भावल्या: ड्राइव्ह जोडताच ती स्वतः काम सुरू करते, आणि काम संपल्यावर ड्राइव्ह आपोआप विलग करण्याची सोय तिच्यात आहे. खंडणीखोरांच्या भीतीनेच ही सोय दिलेली आहे.

दोन्ही प्रकारांत एक निवडण्याऐवजी मी दोन्ही ठेवले, आणि दोन टेराबाइटचे दोन ड्राइव्ह घेतले. पहिल्यावर दर रविवारी संपूर्ण प्रतिमा उतरते. एरवी तो कपाटात असतो. दुसऱ्यावर महिन्यातून एकदा फाइल हिस्टरी चालते. तत्पूर्वी टॅलीच्या स्वतःच्या बॅकअप आज्ञेने हिशेबाची प्रत डॉक्युमेंट्समध्ये उतरवतो. त्यामुळे बाहेर राहण्याचा प्रश्न मिटतो आणि उघड्या असलेल्या हिशेबाची अर्धवट प्रत होण्याचे भयही राहत नाही. हा दुसरा ड्राइव्ह सोलापूरला मुलीच्या घरी असतो. महिन्याकाठी येणे-जाणे असतेच. जाणकार ज्याला तीन-दोन-एकचा नियम म्हणतात, म्हणजे तीन प्रती, दोन वेगळी साधने आणि एक प्रत घराबाहेर, तो आमच्या आजोबांना नाव न कळता ठाऊक होता.

एकच प्रत एकाच ठिकाणी असण्याचा धोका आपल्या समाजाला नवा नाही. षट्खंडागमावरील धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांतच राहिली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या नकला करण्याचे काम सुरू झाले आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली तिचा पहिला खंड 1939 मध्ये अमरावतीहून छापला गेला. त्या नकलाकारांचे कष्ट कुठे आणि माझा रविवारचा अर्धा तास कुठे! तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु ज्या घराण्यांनी ताडपत्रांच्या नकलेची चिंता वाहिली, त्यांनी स्वतःच्या घरच्या कागदांविषयी गाफील राहावे, हे शोभत नाही.

सर्व बसवून झाल्यावर सूनबाई म्हणाली, "बाबा, हिरवी खूण तर पूर्वीही यायची." तिच्या या एका वाक्याने पुढचे महत्त्वाचे काम करवून घेतले. आम्ही भाच्याच्या लॅपटॉपला ड्राइव्ह लावला आणि खरोखर परत काय मिळते ते पाहिले. 2022-23 चा हिशेब उघडला, शिल्लक पैशापर्यंत जुळली. वडिलांच्या पत्रांची छायाचित्रे दिसली. परंतु मीच पूर्वी टंकलेली वंशावळ उघडली, तेव्हा पडद्यावर नुसती अगम्य इंग्रजी अक्षरे आली. ती जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये होती आणि भाच्याकडे तो फॉन्ट नव्हता. फाइल सुरक्षित होती, पण वाचता येत नव्हती. आता ती युनिकोडमध्ये बदलून घेतली आहे आणि जुने फॉन्टही ड्राइव्हवर ठेवले आहेत. तपासणी केली नसती तर हे कळायला आणखी एक दिवाळी आणि आणखी एक नुकसान लागले असते.

दोन लहान गोष्टी व्यापारी बंधूंसाठी. फॅट-32 पद्धतीने सिद्ध केलेल्या ड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, म्हणून ड्राइव्ह आरंभीच एनटीएफएस करून घ्यावा. मात्र त्यावर आधीचे काही असेल तर ते पुसले जाते. आणि प्रत सांकेतिक शब्दाने बंद केली असेल तर तो शब्द कागदावर लिहून, पाकीट बंद करून तिजोरीत ठेवावा; तो हरवला तर प्रतही गेली. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशेब जपावे लागतात. एका ड्राइव्हच्या भरवशावर इतका काळ काढणे धोक्याचे आहे.

हिशेब पुन्हा लिहिता येतो. बँकेचे उतारे येतात, व्यापारी आपापल्या वह्या दाखवतात. आईच्या अकरा फितींची मात्र दुसरी नोंद कोणाकडेच नव्हती. दहा गेल्या. एक उरली, कारण सूनबाईने ती कधीतरी आपल्या बहिणीला फोनवर पाठवली होती आणि बहिणीने ती पुसली नव्हती. सहा मिनिटांची आहे. तीत आई मेतकुटाचे प्रमाण सांगते, मध्येच थांबते आणि विचारते, "हे सगळं तू लिहून घेत आहेस ना गं?"

ती फीत आता तीन ठिकाणी आहे. त्यांतले एक ठिकाण सोलापूरला, दुसऱ्या छपराखाली.