डार्टकाठची उलटी गंगा

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात टॉटनेस नावाचे जुने बाजारगाव आहे. तेथून डार्ट नदीच्या काठाकाठाने दोनएक मैल वर गेले, की डार्टिंग्टन हॉलचा प्रशस्त चौक लागतो. दुसऱ्या रिचर्ड राजाचा सावत्रभाऊ जॉन हॉलंड याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ही वास्तू बांधली. दिवाणखाना एवढा थोरला, की आपला एखादा वाडा सहज आत मावावा! पाठीमागे हिरवळीची उतरंड, आणि तिच्या कडेला जुनी यू वृक्षांची रांग. लोक त्यांना 'बारा प्रेषित' म्हणतात.

हे सारे पाहून प्रवाशाला वाटते, सरदार-दरकदारांच्या इतर गढ्यांसारखीच ही एक. पण १९२५ साली येथे आलेला नवा जमीनदार जरा निराळा होता. त्याला गुरू लाभला होता तो बंगालात.

लिओनार्ड एल्महर्स्टचा जन्म १८९३ चा, यॉर्कशायरमधल्या जमीनदार धर्मोपदेशकाच्या घरातला. रेप्टनची शाळा, मग केंब्रिज, सगळे रिवाजाप्रमाणे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात तो शेतीशास्त्र शिकत असताना रवींद्रनाथ टागोरांशी गाठ पडली आणि रिवाज मोडला. १९२१ च्या अखेरीस तो शांतिनिकेतनाजवळच्या सुरूल गावी आला. १९२२ च्या फेब्रुवारीत तेथे ग्रामसुधारणेचे केंद्र उघडले. तेच पुढे श्रीनिकेतन झाले.

आजूबाजूची गावे मलेरियाने खंगलेली, जमीन निकस, माणसांचा एकमेकांवर भरवसा नाही. अशा ठिकाणी व्याख्याने देऊन काय होणार? साहेबाने पोरांच्या हाती फावडी दिली. चर खणायचे, आपला मैला आपणच उचलून मातीआड करायचा आणि त्याच मातीत भाजी पिकवायची. भद्र घरांतल्या मुलांना हा धडा कोणत्याही पुस्तकापेक्षा कठीण गेला असेल. पण शाळा आणि शेत, डोके आणि हात यांची फारकत करायची नाही, ही टागोरांची शिकवण तेथे मातीत उतरली.

१९२५ साली एल्महर्स्टने डोरोथी व्हिटनी स्ट्रेट या धनाढ्य अमेरिकन विधवेशी लग्न केले. सुरूलच्या कामाला पैसा तिनेच पुरवला होता. डेव्हनकडे जागा शोधावी, ही सूचनाही टागोरांची. दोघांनी डार्टिंग्टनची सुमारे ८०० एकरांची जमीन घेतली, तेव्हा दिवाणखान्यावर छप्पर नव्हते. ओकच्या नव्या तुळया चढल्या त्या पुढे. शेते, फळबागा, लाकूड कापण्याची गिरणी, लोकरी कापडाचा कारखाना असे उद्योग उभे राहिले. खेड्यातल्या माणसाला खेड्यातच पोट भरता यावे, हा हेतू.

१९२६ साली मूठभर मुलांची शाळा निघाली. छडी नाही, गणवेश नाही, धर्मशिक्षणाची सक्ती नाही; मुलगे-मुली एकत्र. पहिली पाच वर्षे रीतसर हेडमास्तरही नव्हता. कारभार एल्महर्स्ट दांपत्य आणि शिक्षक मिळून पाहत. १९३१ साली करी नावाचे हेडमास्तर आले. त्यांच्यासाठी १९३२ साली बांधलेले हाय क्रॉस हाऊस आजही रस्त्यालगत दिसते. दगडी गढीच्या शेजारी ते पांढरेशुभ्र, सपाट छपराचे घर म्हणजे नऊवारीशेजारी फ्रॉक! १९३० साली टागोर स्वतः येथे राहून गेले. उदयशंकरांच्या अलमोड्याच्या नृत्यकेंद्रालाही येथूनच मदतीचा हात गेला.

पण थैली एकाची असली, की संस्थेच्या पायाखाली भोक राहते. डोरोथी १९६८ साली गेली, लिओनार्ड १९७४ साली. विद्यार्थी घटले, पैशाची ओढाताण झाली आणि १९८७ साली शाळेला टाळे लागले. ज्या गावच्या धड्यावर ती उभी होती, त्या सुरूलचे श्रीनिकेतन मात्र विश्वभारतीच्या छत्राखाली चालूच राहिले.

इंग्रजांनी आपल्याला शाळा दिल्या, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. एका इंग्रजाने आपल्या खेड्यातून शाळा नेली, हे मात्र कोणी सांगत नाही. डार्टिंग्टनच्या चौकात उभे राहिले, की ही उलटी गंगा डोळ्यांना दिसते. ती साठ वर्षे वाहिली. उगमाकडे अजून पाणी आहे, हे आपण विसरू नये, एवढेच.