सुटकेस की सॅक? आधी जिने मोजा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की उपनगरातील दवाखान्यांत प्रवासी रुग्णांची वर्दळ वाढते. कुणाला कोकणात गावी जायचे असते, कुणाला लेकीकडे बंगळुरूला, तर कुणाला यात्रेला. रक्तदाब पाहून आणि गोळ्यांची चिठ्ठी लिहून झाली, की सोबत आलेला मुलगा किंवा सून विचारते, ‘‘डॉक्टर, यांनी सामान उचललेले चालेल ना?’’ यावर मी उलट प्रश्न करतो : घरापासून गाडीतील आसनापर्यंत जिने किती लागतात?

चाकांची सुटकेस घ्यावी की पाठीवरची सॅक, हे आपण बहुधा मुक्काम पाहून ठरवतो. किती दिवस राहायचे, किती कपडे लागतील, एवढाच हिशेब होतो. ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र हा निर्णय वाटेवरून व्हायला हवा. शेकडो किलोमीटरच्या प्रवासात आपण बसलेलेच असतो. शरीराची परीक्षा होते ती आरंभीच्या आणि अखेरच्या काही शे पावलांत.

पूर्वी पत्र्याची ट्रंक, होल्डॉल आणि वळकटी घेऊन प्रवास होई, आणि ते ओझे डोक्यावर घेणारा हमालही सोबत असे. १९७२ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सुटकेसचे पेटंट मिळाले. पुढे १९८७ मध्ये रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने लांब दांड्याची, दोन चाकांवर उभी ओढता येणारी बॅग तयार केली. आज घरोघरी दिसते ती तिचीच पुढची पिढी. तिचा जन्म विमानतळाच्या गुळगुळीत फरशीसाठी झाला. चाकांमुळे हमालाची गरज कमी झाली, पण जिने होते तेथेच राहिले.

आपल्या उपनगरांची वाट या दृष्टीने एकदा न्याहाळून पाहा. मुलुंडला लांब पल्ल्याच्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून ठाणे किंवा कुर्ल्याचे लोकमान्य टिळक टर्मिनस गाठावे लागते. लोकलने निघालात तर एक पूल चढायचा, उतरायचा, आणि मग जेमतेम वीस-तीस सेकंदांत डब्यात शिरायचे. घाटकोपर ते अंधेरी हा पूर्व-पश्चिम प्रवास २०१४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने सुकर केला. तेथे लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत. मात्र तपासणीच्या पट्ट्यावर बॅग उचलून ठेवावी लागते, आणि रेल्वेच्या पुलावरची गर्दी चाकांना जागा देत नाही. बोरिवलीला गुजरात-दिल्लीकडच्या अनेक गाड्या थांबतात. ऑगस्ट २०२४ पासून वांद्रे टर्मिनसहून निघणारी मडगावची गाडीही थांबते. पण हा थांबा काही मिनिटांचाच, आणि आपला डबा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला असला तर तेवढ्यात बॅग ओढत धावणे आले. त्यातच उपनगरांतील अनेक जुन्या इमारतींना आजही लिफ्ट नाही. पदपथांवरच्या उंचसखल पेव्हर ब्लॉकमध्ये सुटकेसची लहान चाके अडकतात, ते वेगळेच.

माझ्या दवाखान्यात एका सत्तरीच्या बाईंना त्यांचा मुलगा समजावत होता, ‘‘आई, चाकं आहेत गं, नुसती ओढायची तर आहे.’’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘ओढेन रे बाबा. पण आपल्या घराची पाखाडी काय चाकांची आहे?’’ कोकणातील जांभ्या दगडाची पायवाट डोळ्यांपुढे असलेल्या त्या माउलीने नेमके मर्म सांगितले. सपाट जमिनीवर पंधरा किलोची सुटकेस हलकी वाटते. जिन्याशी आली, की तेच पंधरा किलो एका हातावर, एका खांद्यावर आणि कमरेवर येतात.

सॅकचा मोठा गुण असा, की ती दोन्ही हात मोकळे ठेवते. जिन्यावर कठडा धरता येणे ही ज्येष्ठांच्या दृष्टीने सोय नव्हे, ते संरक्षण आहे. तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रिया आणि पुढे कित्येक महिन्यांचे परावलंबन पदरी येते. पण सॅक सर्वांसाठी नाही. हाडे ठिसूळ झालेली असतील, मणक्याचे हाड पूर्वी दबले असेल किंवा मानेच्या मणक्यांचा त्रास असेल, तर पाठीवर ओझे नकोच. नुकताच पेसमेकर बसवलेल्यांनी त्या बाजूच्या खांद्यावर पट्टा येऊ देऊ नये. इतरांसाठी माझे ढोबळ प्रमाण असे : सॅकचे वजन शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावे. साठ किलोच्या व्यक्तीने सहा किलोंच्या आत थांबावे, आणि पाण्याची एक लिटरची बाटलीही त्यात मोजावी. दोन्ही पट्टे खांद्यांवर घ्यावेत. लोकलच्या गर्दीत सॅक पोटावर घेण्याची आपल्याकडे रीत आहे. पण जिना उतरताना तसे करू नये, कारण पायाखालची पायरी दिसत नाही.

सुटकेस न्यायचीच असेल तर एका मोठ्या बॅगेऐवजी दोन लहान बॅगा बऱ्या, आणि दुसरी सोबतच्या माणसाच्या हाती असावी. मधुमेहामुळे खांदा आखडलेल्यांनी बॅग मागून ओढण्याऐवजी चार चाकांची बॅग शेजारून ढकलावी. सरकत्या जिन्यावर बॅग नेऊ नये. लिफ्टची वाट पाहावी. बॅग उचलताना कमरेत न वाकता गुडघे वाकवावेत. हर्नियाचा किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्यांनी, तसेच अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांनी, जड सामान उचलूच नये. ओझे घेऊन चढताना छातीत दडपण आले किंवा धाप लागली, तर तेथेच थांबून मदत मागावी. काठी वापरणाऱ्यांचा एक हात काठीला आणि दुसरा कठड्याला लागतो. त्यांच्यासाठी बॅग कोणती, हा प्रश्नच उरत नाही. सामान दुसऱ्याने न्यायचे. हमालाला दिलेले पैसे हा औषधपाण्याच्या खर्चातच धरावा. विमानाचे तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. त्यात कमीपणा कसला?

सामान कोणतेही असो, एक लहान पिशवी अंगावर तिरकी अडकवलेली असावी. रोजची औषधे (दोन-चार दिवसांची जास्तीची धरून), डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा आणि घरच्यांचे फोन क्रमांक तिच्यात राहू द्यावेत. इन्सुलिन विमानाच्या सामानकक्षात कधीही देऊ नये. तेथे ते गोठून निकामी होऊ शकते. आणि परतीचा विचार निघतानाच करावा. जाताना सहा किलोची असलेली सॅक येताना कोकम, तांदूळ आणि आंब्यांनी दुप्पट होते. ती भेट पार्सलने किंवा मागाहून येणाऱ्या कुणाबरोबर पाठवता येते.

काळजीवाहू मुलांना एक सांगणे. ‘तुम्हाला झेपणार नाही’ म्हणून आईवडिलांचा प्रवासच रद्द करू नका. गावचे घर, भावंडांची भेट, देवाचे दर्शन यांतून मिळणारी उभारी कोणत्याही टॉनिकमध्ये नाही. झेपत नाही ते बहुधा सामान असते, प्रवास नव्हे. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी बॅग पूर्ण भरा आणि तिच्यासह त्यांना स्वतःच्या इमारतीचा एक मजला उतरून चढायला सांगा. तुम्ही एक पायरी खाली उभे राहा. कठड्यावरचा हात न सुटता आणि धाप न लागता ते वर आले, तर ती बॅग त्यांची. नाहीतर बॅग उघडा आणि वजन कमी करा.