यातले विश्वाचे किती आणि लॅपटॉपचे किती?

हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून विद्यार्थ्यांसमोर बोलायचे निमंत्रण आले की मी त्यांना गुरुत्वीय लहरीचा ध्वनी ऐकवते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी नोंदला गेलेला पहिला संकेत सुमारे ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत जातो. सारा खेळ ०.२ सेकंदांचा. लहर कानाला ऐकू येत नाही, परंतु तिची वारंवारता श्रवणमर्यादेत बसते, म्हणून नोंदीचा ध्वनी करता येतो.

मागे एका वर्गात तो लावला, तर लाह्या फुटाव्यात तशी तडतड सुरू झाली. एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, यातले विश्वाचे किती आणि लॅपटॉपचे किती?" तिने ते गमतीने विचारले असेल, आमच्या क्षेत्रातल्या कित्येकांची नोकरी मात्र याच प्रश्नावर चालते. म्हणून उत्तर तिथेच शोधायचे ठरवले.

हेडफोन जोडले, तडतड कायम. म्हणजे दोष स्पीकरच्या पडद्यात नव्हता. चार्जर काढला, तरी कायम. तशीही विजेच्या तारांतून येणारी गुणगुण ५० हर्ट्झवर आणि त्याच्या पटींत सलग राहते. ही तडतड अनियमित होती. तीच फाइल मोबाइलवर स्वच्छ वाजली. मग वाय-फाय बंद केले आणि तडतड थांबली. पुन्हा सुरू केले, परतली. असे तीनदा केले, कारण एकदा घडलेल्या गोष्टीला योगायोगही पुरतो.

त्यामागचे कारण मोठे सुरेख आहे. ध्वनी सेकंदाला ४८,००० आकड्यांच्या रूपात वाहतो आणि प्रोसेसर ते आकडे लहान लहान गठ्ठ्यांनी बफरमध्ये भरत राहतो. ४८० आकड्यांचा गठ्ठा १० मिलिसेकंद पुरतो. वाय-फायच्या ड्रायव्हरने प्रोसेसरला त्याहून अधिक काळ अडवून ठेवले, तर बफर रिकामा पडतो आणि लहर मध्येच तुटते. काळात इतकी टोकदार असलेली घटना वारंवारतेत सर्वदूर पसरते. त्यामुळे सूर न उमटता 'तड्' असा आवाज येतो. ड्रायव्हरची नवी आवृत्ती घातल्यावर प्रश्न मिटला. बफर मोठा करूनही भागले असते, पण तेव्हा ध्वनी उशिरा पोहोचतो, आणि मूळ अडथळा तसाच राहतो. एकदम दहा सेटिंग्ज बदलण्याचा सल्ला मला म्हणूनच आवडत नाही: खरखर जाते, कारण कळत नाही.

लायगोच्या इतिहासात अशाच एका 'तड्'ने मोठा घोळ घातला असता. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर पृथ्वीवर पोहोचली. मीलनाच्या क्षणापूर्वी सुमारे १.१ सेकंद लिव्हिंग्स्टनच्या शोधकात खळकन खोट उमटली. आरशांची जागा सांभाळणाऱ्या यंत्रणेत आकड्यांचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारा भाग ५ मिलिसेकंदांहूनही कमी काळ त्याच्या कमाल मर्यादेला टेकला होता. स्वयंचलित प्रणालीने तेथील संकेत बाजूला टाकला. माणसांनी नोंद उघडून पाहिली, तेव्हा खोटीच्या आरपार जाणारी संकेताची रेघ स्पष्ट दिसली. खोटीचे स्वरूप ओळखून ती वजा करता आली. लिव्हिंग्स्टनची नोंद हाती नसती, तर आकाशातला शोधायचा पट्टा कितीतरी मोठा राहिला असता. प्रत्यक्षात अकरा तासांच्या आत दुर्बिणींना त्या घटनेचा प्रकाश सापडला.

हॅनफर्डला तर नळीवर साचलेला बर्फ टोचणारे कावळेही नोंदीत सापडले आहेत!

अमेरिकेतील दोन्ही शोधकांच्या नोंदींत ६० हर्ट्झवर विजेची ठळक रेघ असते. औंढ्याला ती ५० वर दिसेल, एवढे आजच सांगता येते. शेतातले पंप, ट्रॅक्टर आणि पावसाळी वारा यांच्या खुणा मात्र तिथे बसून, एकेक गोष्ट तपासूनच ओळखाव्या लागतील.